बेलझरीच्या छपरावरची शेवटची काच

"काच ते काच, भाऊ. लहान काय आन मोठी काय!" असं गुलाब बोलून गेला, आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

वरोऱ्याच्या बाजारात गुलाब खोब्रागडेचं फोटो मढवायचं दुकान होतं. बाबासाहेबांचे, बुद्धाचे, लग्नातले, निरोप समारंभातले फोटो तो चौकटीत बसवून देई. त्या दिवशी बांधकाम खात्याचा ओव्हरसियर शालिकराम बदली झालेल्या साहेबाचा फोटो मढवायला घेऊन आला होता. गुलाबने काचेवर पट्टी ठेवली, काच कापायची हिरकणी एकदाच सर्रकन ओढली, खालून बोटाने टिचकी मारली. काच रेघेवर अशी सरळ मोडली, की शालिकरामने पुढे होऊन कडेवरून अंगठा फिरवून पाहिला. मग त्याने विचारलं, दोन फुटी काच कापता येते का? त्यावर गुलाबने ते उत्तर दिलं.

शालिकराम स्टूल ओढून ऐसपैस बसला. नव्वद-पंच्याण्णव किलोंचा माणूस. स्टूल कुरकुरलं.

"मंग माहं काम झालं म्हणा," तो म्हणाला. "बेलझरीचा डाकबंगला पाह्यला का कधी? गडचिरोलीच्या पुढं, जंगलात?"

गुलाबने पाहिला नव्हता. शालिकरामने सगळं सांगितलं. बंगला इंग्रजांच्या वेळचा. त्या वेळच्या जंगलसाहेबाच्या बायकोला चित्रं काढायचा नाद, तिला उजेड हवा, म्हणून मधल्या दालनावर मातीच्या कवेलूंऐवजी लोखंडी सांगाडा घालून काचेचं छप्पर केलेलं. चौसष्ट काचा. त्यातल्या सत्तावीस फुटलेल्या. गेल्या वर्षी पुरातत्त्व खात्याने बंगला संरक्षित म्हणून जाहीर केला, निळी पाटी लावली आणि बजावलं, की छप्पर होतं तसंच झालं पाहिजे. जुन्या धड काचेला हात लावायचा नाही. नवी काच तेवढ्याच जाडीची. सिमेंट नको, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेली लांबीच भरायची. आणि हे सगळं पावसाळ्याच्या आत.

"नाई झालं तं दालनातली सागवानी जमीन सडते," शालिकराम म्हणाला, "आन जमीन सडली का मले त्याच्यावर उभं करून जबाब विचारतीन. नागपूरच्या काचवाल्यानं जंगलाचं नाव ऐकलं आन हात जोडले. आता तुमीच."

गुलाबने एकच प्रश्न विचारला. "वर चढा लागन का?"

"छे जी! तुमी खाली सावलीत बसून कापजा. वर चढाले माहे चार माणसं हायत."

हा प्रश्न गुलाबने विनाकारण विचारला नव्हता. त्याला उंचीची भीती होती. साधीसुधी नव्हे. टॉकिजमध्ये बाल्कनीचं तिकीट कुणी फुकट दिलं तरी तो खालीच बसे. विहिरीवर पाणी शेंदताना तो आकाशाकडे बघे. दर उन्हाळ्यात घराचे कवेलू फेरायची, म्हणजे काढून पुन्हा नीट रचायची वेळ आली, की बायको गुणा लुगड्याचा काष्टा खोचून वर चढे आणि गुलाब त्या दिवशी हमखास चंद्रपूरला माल आणायला जाई. वैनगंगेकाठच्या खेड्यात वाढलेली गुणा लहानपणी झाडावर चढून टेंभरं आणि चारोळ्या काढायची. तिला जमीन आणि छप्पर यांत फारसा फरक वाटत नसे. नवऱ्याचं हे दुखणं तिला ठाऊक होतं, पण वरोऱ्यात तिच्याशिवाय कुणालाही नव्हतं, आणि ते तसंच राहावं अशी गुलाबची इच्छा होती.

मुलांना गुणाच्या आईकडे ठेवून दोघं निघाली. भाताच्या तणसात बांधलेल्या काचांची पेटी एसटीच्या टपावर टाकायला कंडक्टर निघाला, तेव्हा गुणाने ती अडवली. "काच हाय बावा, कांदे नाई," असं म्हणून तिने पेटी सीटवर आपल्या आणि नवऱ्याच्या मध्ये उभी धरली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला गुलाबने डोळे मिटले. पण खरी धास्ती खड्ड्यांची नव्हती. त्याला सारखं वाटत होतं, की ती चार माणसं बेलझरीला नसणार.

ती नव्हतीच. मे महिना होता. सगळं गाव तेंदूपत्त्याच्या तोडीला जंगलात गेलेलं. बंगल्यावर फक्त लटारू चौकीदार होता, साठीचा, एक गुडघा कायमचा ताठ झालेला.

"माणसं कुठी हायत?" शालिकरामने विचारलं.

"पत्ता तोडाले गेली जी."

"कधी येतीन?"

"पत्ता सरल्यावर," लटारू म्हणाला.

शालिकरामने दालनात उभं राहून वर पाहिलं. गुलाबने पाहिलं नाही, जमिनीकडेच पाहत विचारलं, "किती उंच हाय?"

"लय नाई. बावीस फूट."

त्यातून आणखी एक गोष्ट निघाली. शालिकरामने कागदावर लिहून दिलेली मापं कामाची नव्हती. शंभर वर्षांत लोखंडी सांगाडा कुठे झुकला होता, कुठे फुगला होता, आणि एका खणाचं माप दुसऱ्याला लागत नव्हतं. वर जाऊन प्रत्येक खण वेगळा मोजल्याशिवाय एकही काच कापता येणार नव्हती. शालिकराम वर गेला तर सांगाडाच खाली आला असता. लटारूचा गुडघा वाकत नव्हता. दोघांनीही गुलाबकडे पाहिलं.

गुलाबच्या ओठांवर खरं सांगणं आलं होतं. पण तेवढ्यात दालनात वरून आवाज आला, "इथी तं मस्त वारा हाय जी!"

बोलणं चाललं होतं तेवढ्यात गुणा शिडी लावून वर चढली होती आणि दोन लोखंडी पट्ट्यांवर फळी टाकून तीवर बसली होती.

मग सात दिवस काम झकास चाललं. गुणाला इंच-फूट वाचता येत नसत, म्हणून तिने बांबूच्या कामट्या काढल्या. एकेका खणाएवढी कामटी तोडायची, तिच्यावर खुणेच्या खाचा पाडायच्या आणि खाली टाकायची. खाली आंब्याच्या सावलीत गुलाब त्या कामटीबरहुकूम काच कापायचा. लटारू जवसाच्या तेलात खडू मळून लांबी करायचा. काच दोरीच्या झोळीतून वर जायची. माशाच्या खवल्यांसारखी प्रत्येक काच खालच्या काचेवर अर्धं बोट चढवून गुणा बसवायची आणि अंगठ्याने लांबी दाबून घ्यायची. चौथ्या दिवशी जुन्या काचांवरचं शेवाळ पुसलं, तेव्हा दालनात असा उजेड पडला की लटारू काम सोडून मधोमध जाऊन उभा राहिला. "तीस वर्सं इथी नवकरी केली," तो म्हणाला, "ह्या भिताडाचा रंग हिरवा हाय, हे मले आज समजलं."

रोज संध्याकाळी शालिकराम कचेरीला कागद लिहायचा. त्यात काय लिहितो ते त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि गुलाबने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सातव्या दिवशी, बुधवारी सकाळी, फक्त एक काच उरली होती. ती मुद्दाम ठेवली होती. पुरातत्त्वचे मोठे साहेब गुरुवारी नागपूरहून येणार होते आणि शेवटची काच आपल्या डोळ्यांदेखत बसली पाहिजे, असं त्यांनी कळवलं होतं. गुणाने काच आणि लांबीचा गोळा वर फळीवर नेऊन तणसात झाकून ठेवला होता. ती वरच आढ्याजवळ बसून हात पुसत होती. इतक्यात ओरडली, "जीप येऊन राह्यली! नाल्याच्या पल्याड धूळ दिसून राह्यली!"

"आज?" शालिकराम चहाची बशी टाकून उठला. "आज तं बुधवार हाय! बाई, खाली उतरा! लवकर! गुलाबभाऊ, तुमी वर चढा!"

"मी?" गुलाबच्या हातातली हिरकणी गळून पडली. "मी काऊन?"

तेव्हा शालिकरामने कागदात काय लिहिलं होतं ते सांगितलं. छपराचं काम काच-तज्ज्ञ श्री. गुलाब खोब्रागडे यांनी स्वतः वर चढून केलं. छपरांचा बारा वर्षांचा अनुभव. दुसऱ्या कोणालाही छपरावर पाऊल ठेवू दिलं नाही.

"असं काऊन लिवलं जी तुमी?"

"नियमच हाय तसा! संरक्षित इमारत हाय. अनधिकृत इसम छपरावर दिसला तं माही नवकरी जाते. माह्या घरी पाच तोंडं हायत, गुलाबभाऊ. पाच मिनटं. फकत एक काच. बसवली का उतरा."

"शालिकरामभाऊ, मले एक सांगाचं हाय…"

"उतरल्यावर सांगजा!"

गुणा खाली आली होती. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला. "मी सांगू का यायले खरं?" तिने हळूच विचारलं. गुलाबने शालिकरामकडे पाहिलं. तो एवढा जाडजूड माणूस, पण त्याचे हात लटपटत होते. गुलाबला ते हात ओळखीचे वाटले. त्याने मानेनेच नको म्हटलं आणि शिडीला हात घातला.

शिडीला एकवीस पायऱ्या होत्या. गुलाबने त्या मोजल्या, कारण डोळे मिटून चढणाऱ्या माणसाला दुसरं काही करण्यासारखं नसतं. एकविसावी संपल्यावर हाताला तापलेले कवेलू लागले. त्यांवरून तो पोटावर सरपटत काचेच्या कडेपर्यंत गेला, चाचपडत फळीवर चढला आणि मग डोळे उघडले.

काच नसती तर बरं, असं त्याला वाटलं. त्याच्या पोटाखाली, हातांखाली, सगळीकडे नुसती स्वच्छ काच, आणि तिच्याखाली बावीस फूट काहीच नाही. तळाशी दालनातलं जेवणाचं मेज काडेपेटीएवढं दिसत होतं. चाळीस वर्षांच्या आयुष्यात काच चांगली पुसल्याचा त्याला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

खाली जीपचं दार वाजलं. गुणाला शालिकरामने मागच्या स्वयंपाकघरात पाठवलं, चौकीदाराच्या घरची म्हणून. लटारूला दबक्या आवाजात सांगितलं, "समोरचा सगळा पसारा उचल. सायबाच्या नजरेले काही पडलं नाई पाह्यजे." मग टाचा जुळवून तो साहेबांसमोर उभा राहिला.

साहेब पन्नाशीचे, सडपातळ, डोक्यावर खाकी टोपी आणि गळ्यात दुर्बीण. फार कमी बोलायचे. ते सरळ दालनात आले, रिकाम्या खणाखाली उभे राहिले आणि वर पाहून म्हणाले, "हं. बसवा."

गुलाबने तणसातली काच उचलली, आणि एक नवल घडलं. काच हातात येताच हात स्थिर झाले. बाकीचं सगळं अंग थरथरत होतं, दात एकमेकांवर वाजत होते, पण हात दुकानातल्यासारखे चालले. त्याने लोखंडी पट्टीवर लांबीची वळी पसरली, काच खालच्या काचेवर अर्धं बोट चढवली, अलगद टेकवली, कडेने अंगठा फिरवला. ना कुठे फट, ना कुठे फुगा.

"वा," साहेब खालून म्हणाले.

शालिकरामचा श्वास दालनाच्या टोकापर्यंत ऐकू आला.

आता फक्त उतरायचं होतं. गुलाब तसाच पालथा मागे सरकला, कवेलूंवर आला आणि पायाने शिडी शोधू लागला. डावा पाय फिरवला. उजवा फिरवला. दोन्ही पायांना हवा लागली. लटारूने पसारा उचलला होता. रिकामी पेटी, तणस, तेलाचा डबा, आणि शिडी. साहेबांच्या नजरेला खरंच काही पडलं नसतं.

ओरडावं, तर साहेब खालीच होते. पायाखालची हवा टाळण्यासाठी तो भराभरा पुढे सरपटला, फळी ओलांडली आणि थेट आढ्यावर जाऊन दोन्ही हातांनी लोखंडी पट्टी धरून निजला. एक गाल काचेवर दाबलेला, डोळे मिटलेले.

दालनात साहेब फिरत फिरत नेमके त्या जागेखाली आले. वर पाहिलं. चपटा झालेला गाल आणि अर्धं नाक.

"हे काय करतायत?"

शालिकरामनेही वर पाहिलं. मग तो म्हणाला, "ऐकून राह्यले साहेब."

"काय?"

"काच. काचेले कान लावला का आतून आवाज येते. नीट बसली का नाई, ते त्याच्यावरून समजते. जुन्या कारागिरायची पद्धत हाय."

साहेबांनी वही काढली आणि लिहून घेतलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वरचा गाल जागचा हलला नाही.

"फार चिकाटीचा माणूस आहे," साहेब म्हणाले. "मी असं काम पाहिलं नव्हतं. मला वर जाऊन बघायचंय."

"वर? तुमी? कायले साहेब! ऊन हाय, कवेलू तापले हायत…"

"शिडी कुठाय?"

शिडी मागून पुन्हा पुढे आली. साहेबांनी टोपी घट्ट केली, दुर्बीण पाठीवर टाकली आणि चढले. पहिल्या दहा पायऱ्या झपाझप, पुढच्या सहा सावकाश, शेवटच्या पाच फारच सावकाश. मग ते कवेलूंवरून दिसेनासे झाले.

गुलाबला जवळ काहीतरी सरपटल्याचा आवाज आला. त्याने एक डोळा उघडला. शेजारच्या पट्टीला दोन्ही हातांनी कवटाळून साहेब पालथे पडले होते. टोपी घसरून कानावर आली होती. चेहरा खडूसारखा.

दूर जंगलात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांच्या हाका ऐकू येत होत्या. एक वानर कवेलूंवर येऊन बसलं, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि निघून गेलं.

"तुम्ही," साहेब अखेर कुजबुजले, "किती वर्षं छपरावर काम करता?"

गुलाबला आता खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "आजच जी."

"म्हणजे?"

"आज सकाळपासून. मी फोटो मढवतो साहेब. मले उंचीचं लय भेव वाट्टे."

साहेब डोळे न उघडता म्हणाले, "मी बावीस वर्षं या खात्यात आहे." आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "छपरावर आजच."

"मंग आजवर?"

"दुर्बीण. खालून पाहायचं आणि लिहायचं, प्रत्यक्ष पाहणी केली."

"मंग आजच काऊन चढले जी?"

"तुम्ही इतके निवांत पडलेले दिसलात," साहेब म्हणाले. "म्हटलं, सोपं असेल."

खाली शालिकराम दालनातून अंगणात आणि अंगणातून दालनात फेऱ्या घालत होता. आतून वर पाहिलं तर काचेवर आता दोन गाल. शेवटी लटारूलाच राहवलं नाही. तो लंगडत स्वयंपाकघरात गेला.

"बाई," तो गुणाला म्हणाला, "तुमचे मालक आन साहेब दोघंई वर हायत. हालूनई नाई राह्यले आन बोलूनई नाई राह्यले. मले तं बरं दिसून नाई राह्यलं."

गुणाने चुलीवरचा चहा उतरवला, काष्टा खोचला आणि बाहेर आली. शालिकराम शिडीसमोर हात पसरून उभा राहिला. "बाई, तुमी नाई! साहेब वरच हायत, पाहतीन ना तुमाले!"

"त्यायचे डोळे उघडे असतीन तवा पाहतीन," गुणा म्हणाली आणि त्याच्या हाताखालून वर गेली.

वर येऊन तिने दोघांकडे पाहिलं. हसली नाही. उन्हाळ्यात कवेलू फेरताना जशी बसायची तशी फळीवर उकिडवी बसली आणि विचारलं, "पयले कोण?"

साहेबांनी डोळे उघडले. त्यांनी गुलाबकडे पाहिलं. त्या नजरेत खातं नव्हतं, हुद्दा नव्हता, नुसती विनवणी होती. गुलाबने लोखंडी पट्टीकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "साहेबाले ने."

साहेबांचे डोळे भरून आले.

"खाली नका पाहू जी," गुणा साहेबांना सांगत होती. "माह्या हाताकडं पाहा. आता पाय सोडा. हा नाई, दुसरा. हां. तुमच्या पायाले पायरी लागली का? मंग टाका भार. शाब्बास!" बावीस वर्षांच्या नोकरीत साहेबांना कुणी शाब्बास म्हटलं नसावं. ते एकेक पायरी लहान मुलासारखे उतरले. मग गुणा पुन्हा वर गेली. नवऱ्याची बोटं तिला एकेक करून पट्टीवरून सोडवावी लागली. त्यात बराच वेळ गेला.

व्हरांड्यात चहा झाला. साहेबांनी लागोपाठ दोन कप घेतले. तिसरा कप हातात आल्यावर त्यांनी गुणाला विचारलं, "तुम्ही याआधी या छपरावर चढला होता?"

"नाई साहेब, ह्या तं चौकीदाराच्या…" शालिकरामने सुरुवात केली.

"सात दिस झाले चढून राह्यली," गुणा म्हणाली. "सव्वीस काचा म्या बसवल्या. कापल्या सगळ्या यायनं. शेवटची यायनंच बसवली, आन चांगली बसवली."

"आणि काचेला कान लावून ऐकायची पद्धत?"

"ते मले नाई माहीत जी."

साहेबांनी वही उघडली आणि एक ओळ खोडली. शालिकराम खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "साहेब," तो म्हणाला, "अनधिकृत इसम चढला हे खरं हाय. पण माणसं पत्त्यावर गेली होती. माही चूक हाय."

"ओव्हरसियर," साहेब वहीतून मान वर न करता म्हणाले, "मला वरून खाली कुणी आणलं?"

शालिकरामने गुणाकडे पाहिलं.

"ते मी अहवालात लिहावं असं तुम्हाला वाटतं?"

"नाई साहेब."

"मलाही नाही वाटत. मग बाईंना अधिकृत करून टाकणं बरं. यांचं पूर्ण नाव सांगा." साहेबांनी नाव लिहून घेतलं. समोर लिहिलं, छप्पर कारागीर. खाली गुलाबचं नाव लिहिलं आणि क्षणभर थांबून त्यापुढे लिहिलं, मदतनीस. गुलाबने ते उलट्या बाजूने वाचलं आणि त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याने शालिकरामच्या बशीतली बिस्किटंही खाऊन टाकली.

"सिरोंच्याला नदीकाठी एक जुनी कचेरी आहे," साहेब गुणाला म्हणाले. "तिचंही छप्पर काचेचं. निम्म्या काचा गेल्यात. पावसाळा संपला की याल?"

"येऊ ना जी," गुणा म्हणाली.

साहेब जीपमध्ये बसले. मग त्यांनी बोटाने खूण करून गुलाबला जवळ बोलावलं आणि ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "तुम्ही स्वतः एवढे घाबरलेले असून मला आधी उतरू दिलंत. मी ते विसरणार नाही."

गुलाबला ते तसंच राहू द्यावंसं फार वाटलं. पण दिवसभरात इतकं खोटं झालं होतं, की आणखी एक त्याच्याने पेलवेना.

"साहेब, खरं सांगू का? माहे हातच सुटून नाई राह्यले होते."

साहेबांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "हे मी ऐकलं नाही," ते म्हणाले आणि ड्रायव्हरला चला म्हणाले.

जीप निघाली. गुलाब समाधानाने गुणाकडे वळला. "सिरोंच्याले मी खालीच बसून कापीन. आता कागदावरच मदतनीस हाओ मी."

"बसा ना," गुणा म्हणाली. "पण ते शालिकरामभाऊ म्हणत होते, थे कचेरी तिमजली हाय. येवढ्या उंच झोळी खालून नाई वढता येत मले, काचा भितीले लागून फुटतीन. मंधी कोणी तरी पाह्यजे. तुमी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहून वर देत जा."

गुलाब जागच्या जागी थिजला. मग धूळ उडवत चाललेल्या जीपमागे तो धावत सुटला.

"साहेब! ओ साहेब! थ्या गॅलरीले कठडा हाय का जी?"

साहेबांनी मागे न पाहता हात बाहेर काढला आणि हलवला. त्याचा अर्थ हो होता, नाही होता की नुसता निरोप होता, हे काही गुलाबला कळलं नाही. पावसाळ्याचे चारही महिने तो त्याचाच विचार करत फोटो मढवत राहिला.